जर्नलमधलं ९८०

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. मी अकरावी सायन्सला होतो. पितृपंधरवडा चालू होता, म्हणजे देवळात गर्दी व्हावी असे ते दिवस नव्हेत. पण सकाळी शेजारच्या काकू धापा टाकत आल्या, "अरे, गणपती दूध पितोय! दिल्लीत, मुंबईत, सगळीकडे! चमचा घे आणि चल." मी चमचा घेतला.

तासाभराने नंबर लागला. चमचा काठोकाठ भरून सोंडेला टेकवला आणि डोळ्यांदेखत दूध कमी कमी होत गेलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? परत येताना काकू म्हणाल्या, पायांना काय चिकट लागतंय बघ. माझ्याही पायांना लागत होतं. गाभाऱ्यात आम्ही सगळे अनवाणी त्याच दुधात उभे होतो, पण तेव्हा कुणाचीच नजर खाली गेली नव्हती.

नंतर शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तेच करून दाखवलं, तेव्हा सोंडेवरून पोटावर आणि पोटावरून खाली गेलेला रंगीत ओघळ स्पष्ट दिसला. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो, याला पृष्ठताण म्हणतात. चमचा काठोकाठ भरलेला असला की दुधाचा फुगीर काठ दगडाला चिकटतो आणि ओढला जातो. एकदा धार लागली की बाकीचं दूध तिच्या मागोमाग उतरतं. दगड आधीच ओला, त्यात संगमरवर पांढरा आणि दूधही पांढरं, त्यामुळे तो पातळ थर दिसत नाही.

आता गंमत अशी की सरफेस टेन्शनचा धडा आमचा नुकताच झाला होता. व्याख्या पाठ होती, गणितं सोडवलेली होती, बारीक नळीत पाणी किती चढेल ते मी झोपेतही सांगितलं असतं. तरी त्या रांगेत तासभर उभा असताना तो धडा मला एकदाही आठवला नाही. म्हणून कुणी म्हणालं की लोक अंधश्रद्धाळू आहेत कारण त्यांना विज्ञान माहीत नाही, की मला तो चमचा आठवतो. मला माहीत होतं की!

लोकांचा विज्ञानावर विश्वास कसा बसतो याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यांना पटकन पटणारं उत्तर म्हणजे माठाचं उत्तर. लोकांचं डोकं हा रिकामा माठ, त्यात माहिती भरा, विश्वास आपोआप येईल. १९८५ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने सामान्य लोकांच्या विज्ञानाच्या समजेबद्दल एक अहवाल काढला, त्याचा सूरही बराचसा असाच होता. पुढे लोकांना प्रत्यक्ष विचारायला लागल्यावर मात्र माठाचं गणित जुळेना. २०१८ मध्ये वेलकम या ब्रिटिश संस्थेने १४० हून जास्त देशांत पाहणी केली. लशी सुरक्षित नाहीत असं मानणारे लोक सगळ्यात जास्त कुठे निघाले? फ्रान्समध्ये, रेबीजची लस काढणाऱ्या पाश्चरच्या देशात, तीन माणसांमागे एक. आणि बांगलादेश, रवांडा इथे जवळजवळ सगळेच म्हणाले की लस सुरक्षित आहे. फ्रान्समधल्या शाळा बांगलादेशातल्या शाळांपेक्षा वाईट आहेत असं कुणी म्हणणार नाही.

मग विश्वास येतो कुठून? जरा आपल्याकडेच बघू. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत काय आहे ते आपण तपासत नाही. पुलावरून एसटी जाताना पुलाचं गणित मांडत नाही. सगळं स्वतः पडताळून बघणं कुणालाच शक्य नाही, शास्त्रज्ञालाही नाही. खगोलशास्त्रज्ञ लशीच्या बाबतीत तुमच्याआमच्याइतकाच परावलंबी. तेव्हा खरा प्रश्न "तुला किती माहीत आहे" हा नाही. सांगणाऱ्यावर भरवसा का ठेवायचा, हा आहे. विज्ञानाकडे याचं एकच धड उत्तर आहे: आमच्यात चूक पकडायची सोय आहे. मी काय मोजलं, कसं मोजलं, सगळं उघडं ठेवतो, दुसऱ्याने पुन्हा मोजावं, जमलं तर मला खोटं पाडावं. शास्त्रज्ञ माणसं म्हणून तुमच्याआमच्यासारखीच, त्यांच्यातही हट्टी, मानी, क्वचित लबाड असतातच. भरवसा त्या सोयीवर ठेवायचा असतो.

ही सोय ज्याने कधी चालताना पाहिलीच नाही त्याला शास्त्रज्ञ आणि बुवा यांत फरक दिसणार कसा? दोघेही ठामपणे बोलतात, दोघांचेही शब्द कळत नाहीत. आणि ही सोय बघायची आपल्या आयुष्यातली पहिली जागा, बहुतेकांच्या बाबतीत शेवटचीही, म्हणजे शाळा-कॉलेजातली प्रयोगशाळा. तिथे काय चालतं ते जरा सविस्तर सांगतो.

अकरावीत लंबकाचा प्रयोग असायचा. दोऱ्याला पितळी गोळा, स्टँडवर बुचाच्या दोन फाकांत धरलेला दोरा, हातात स्टॉपवॉच. २० आंदोलनांना, म्हणजे गोळ्याला वीसदा जाऊन परत यायला, किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यावरून जी काढायचा, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडा. दहावीपर्यंत मराठीत गुरुत्व त्वरण म्हणत आलो होतो, अकरावीत सगळं इंग्रजीत गेलं आणि ओळखीचा माणूस परका व्हावा तसं झालं. ते असो. उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं: ९८०. सेंटिमीटरमध्ये.

लंबक एक मीटर लांब असेल तर २० आंदोलनांना ४०.१ सेकंदांच्या आसपास वेळ लागायला हवा. आम्हाला लागले ३८.१. गणित केलं, जी आला १०८८. पार्टनर म्हणाला, "येडा झालास का? हे लिहिलंस तर सर पुन्हा करायला लावतील." मग सीनियरचं जर्नल आलं. आम्ही गणित उलट्या बाजूने केलं. ९८० यायला वेळ किती हवा? ४०.१४. झालं तर मग! पहिलं रीडिंग ४०.१, दुसरं ४०.२, तिसरं पुन्हा ४०.१. तिन्ही सारखी ठेवली तर संशय येतो, हे सीनियरने बजावलं होतं. सरासरी काढून उत्तर आलं ९८०.४. सरांची लाल शाईत सही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, चुका कुठून येऊ शकतात? मी पाठ केलेली तीन कारणं धडाधड सांगितली. त्यातलं एकही आमच्या प्रयोगात घडलेलं नव्हतं.

घडलं काय होतं? स्टॉपवॉच दाबताना आम्ही "एक" म्हणत होतो. म्हणायला हवं होतं "शून्य". त्यामुळे "वीस" म्हणेपर्यंत गोळ्याची आंदोलनं १९ च झालेली असायची. हे मला कित्येक वर्षांनी, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सुचलं. आणि ते १०८८ मध्ये आधीपासून लिहिलेलंच होतं. २० मधलं एक आंदोलन हुकलं म्हणजे वेळ ५ टक्के कमी. सूत्रात वेळेच्या वर्गाने भागायचं असतं, म्हणून उत्तर ११ टक्के जास्त. ९८० वर ११ टक्के चढवून बघा. त्या दिवशी कुणी म्हणालं असतं, "१०८८? वा! सांगा बघू हे कशामुळे आलं असेल," तर आम्ही तासाभरात ती चूक पकडली असती आणि चूक कशी पकडतात ते जन्मभर लक्षात राहिलं असतं. त्याऐवजी आम्ही ती खोडली.

आणखी एक. हे ९८० सुद्धा काही दगडावरची रेघ नाही. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरते, म्हणून जी विषुववृत्तावर ९७८ आणि ध्रुवांवर ९८३ भरतो. महाराष्ट्रात तो ९७८ आणि ९७९ च्या मध्ये कुठेतरी असतो. म्हणजे आमच्या बॅचमधल्या कुणाला प्रामाणिकपणे ९७८ मिळालं असतं तर तो पुस्तकापेक्षा खरा ठरला असता. त्याच्याकडूनही आम्ही ९८० करून घेतलं असतं!

दोष एकट्या सरांचा नाही हे लगेच सांगतो. एका बॅचला वीस-पंचवीस पोरं, चार स्टँड, त्यातला एक डगमगणारा, पाऊण तासाची तासिका. वस्तू फुटली तर भरपाई कोण देणार म्हणून कपाटाला कुलूप. आणि शेवटी गुण जर्नल पूर्ण असण्याला, म्हणजे सहीला. अशा व्यवस्थेत शहाणा मुलगा जे करेल तेच आम्ही केलं. पण त्यातून आम्ही शिकलो ते हे: विज्ञानात उत्तर आधीच ठरलेलं असतं, ते कुणीतरी मोठ्या माणसाने ठरवलेलं असतं, आणि आपलं काम म्हणजे आपले आकडे त्याला जुळवून घेणं. घटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्यं घातली गेली, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हेही आहे. प्रयोगशाळेत आमचा सराव त्याच्या नेमका उलटा चालला होता.

आता हा जर्नलवाला माणूस मोठा झाला आणि एप्रिल २०२१ उजाडला असं समजा. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर तेव्हा "बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा अर्जंट" फिरत होतं. करोनातून बऱ्या झालेल्याच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या द्रवात, विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं असतात, ती आजाऱ्याला दिली तर तो सावरेल, ही कल्पना वेडगळ मुळीच नव्हती. पण बहुतेक रुग्ण प्लाझ्मा न घेताही बरेच होत होते. मग घेतला आणि बरा झाला, तर श्रेय कुणाचं? नवस बोलला आणि ताप उतरला, त्यातलाच हा पेच. तो सोडवायचा मार्ग एकच: सारख्याच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला प्लाझ्मा, दुसऱ्याला नेहमीचे उपचार, आणि दोन्हींत काय होतं ते मोजायचं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर हेच केलं. आजार गंभीर झालेले किंवा दगावलेले रुग्ण प्लाझ्मा गटात १९ टक्के, दुसऱ्या गटात १८ टक्के. म्हणजे फरक नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. सरकारी उपचार-सूचनांमधून प्लाझ्मा निघाला तो मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात येऊन गेल्यावर.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची खिचडी करतो. चाचणी झाली, पटलेली कल्पना मोजून टाकून दिली, हे विज्ञानाचं उत्तम काम. निष्कर्ष हाती असून सूचना बदलायला सात महिने लागले, ही व्यवस्थेची ढिलाई, आणि तिच्यावर रागवायला हवंच. पण लोक रागावले भलत्याच गोष्टीवर. "आधी म्हणाले द्या, आता म्हणतात नको. यांनाच काही कळत नाही!" ज्याने आयुष्यभर जर्नलमध्ये ९८० च पाहिलं, त्याला बदललेलं उत्तर म्हणजे फसवणूकच वाटणार.

शास्त्रज्ञही कधी कधी जर्नलच्याच भाषेत बोलतात. मग काय होतं ते इंग्लंडच्या कम्ब्रिया भागातल्या मेंढपाळांना विचारावं. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तिथले किरणोत्सारी ढग मे महिन्यात कम्ब्रियाच्या डोंगरांवर बरसले, गवतात सीझियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य उतरलं, गवतातून मेंढ्यांत. जूनमध्ये सरकारने मेंढ्यांच्या हालचालींवर आणि कत्तलीवर बंदी घातली आणि तीन आठवड्यांत सगळं निवळेल असं सांगितलं. तो अंदाज चिकणमातीवर बेतलेला होता. चिकणमाती सीझियमला धरून ठेवते, गवताच्या मुळांपर्यंत जाऊ देत नाही. डोंगरावरची माती मात्र कुजलेल्या पाल्याची, आंबट. तिथे सीझियम मोकळंच राहतं, गवत ते पुन्हा पुन्हा शोषतं. तीन आठवड्यांची बंदी शेवटच्या काही शेतांवरून उठली २०१२ मध्ये. २६ वर्षं!

ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने त्या शेतकऱ्यांशी बोलून लिहून ठेवलंय. तज्ज्ञांनी एक प्रयोग मांडला होता, मेंढ्या कुंपणात कोंडून. शेतकरी म्हणाले, डोंगरभर हिंडणारी मेंढी कुंपणात खंगते, तुमचे आकडे बिघडतील. कुणी ऐकलं नाही, आणि तो प्रयोग पुढे गुंडाळावा लागला. शेतकऱ्यांचा राग अंदाज चुकला म्हणून तेवढा नव्हता. इतक्या ठामपणे का सांगितलंत, आणि आमची जमीन आम्हाला विचारल्याशिवाय कशी ठरवलीत, हा होता. त्यांच्या जागी आपला धनगर असता तर त्याने याहून सौम्य शब्द वापरले असते असं मला वाटत नाही.

याच्या उलट वागणं कसं असतं ते पुण्यात घडलंय. पत्रिका बघून माणसाची बुद्धी कळते, हा दावा खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी तपासायचं ठरवलं. सोबत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे. थोतांड आहे म्हणून मोकळं होणं नारळीकरांना सोपं होतं, लोकांनी ते ऐकूनही घेतलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. १०० हुशार शाळकरी मुलांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मवेळा जमवल्या, नावं झाकली, पत्रिका मांडल्या आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. प्रत्येकाला ४० पत्रिका, कुठली कुठल्या गटातली ते ओळखा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नुसतं नाणं उडवत बसलं तरी ४० पैकी २० च्या आसपास बरोबर येतातच. सगळ्यात वरच्या ज्योतिषाची २४ बरोबर आली, सरासरी २० च्या खालीच राहिली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, १०२ बरोबर. म्हणजे पुन्हा नाणंच.

मला यात निकालापेक्षा आवडतं ते हे की ज्योतिषी जिंकण्याची वाट खरोखर उघडी ठेवलेली होती. चाळीसपैकी छत्तीस-सदतीस आली असती तर नारळीकरांना ते तसंच छापावं लागलं असतं. उत्तराची जागा कोरी होती.

शाळेत अशी कोरी जागा ठेवता येते का? ठेवून दाखवली आहे, तीही खेड्यांतल्या सरकारी शाळांत. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, हा उद्योग सुरू केला, पुढे एकलव्य संस्थेने तो चालवला. पाठ करायचं पुस्तक नाही. मुलांनी गटागटाने प्रयोग करायचे, प्रत्येक गटाचे आकडे फळ्यावर मांडायचे, आणि ते वेगवेगळे का आले यावर वर्गात भांडायचं. फूल उघडून बघायला सुया नव्हत्या तर पोरांनी बाभळीचे काटे आणले. संभाव्यतेचा एक धडा होता, त्यात मुलं नाणी उडवून नोंदी ठेवत. नारळीकरांच्या चाचणीत २० हा आकडा का महत्त्वाचा, हे त्या पोरांना समजावून सांगावं लागलं नसतं. परीक्षेला पुस्तक सोबत न्यायची मुभा होती, कारण प्रश्नाचं उत्तर पुस्तकात सापडणारच नसे. आणि मुलांच्या पत्रांना सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र उत्तरं धाडायचं.

पुण्यात टेल्कोत इंजिनियर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिकडे गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून भूमितीचे सांगाडे केले. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांची टाकाऊतून केलेली खेळणी हजारो मराठी मुलांनी हाताळली.

होशंगाबादचा उपक्रम वाढत वाढत एक हजाराच्या आसपास शाळांपर्यंत पोचला. ३० वर्षं चालला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. असे उपक्रम का टिकत नाहीत याबद्दल माझं मत साधं आहे. पालकांना मूल दहावीत मागे पडेल याची धास्ती असते, शिक्षकाला ९८० तपासायला अर्धा मिनिट लागतो आणि १०८८ समजून घ्यायला तास, आणि तो तास वेळापत्रकात कुठेच नसतो. आपल्याकडे प्रात्यक्षिकाला वेगळे गुण असतात. त्यात कमी पडलेला मुलगा मी अजून पाहिलेला नाही. इतके सगळे प्रयोग इतके बरोबर येत असतील तर त्यात बघण्यासारखं काय उरलं?

मागच्या रविवारी मुलीला म्हटलं, चल, जी काढू. ती नववीत आहे. पितळी गोळा कुठला असायला, गॅलरीच्या ग्रिलला दोरा बांधून खाली जुनं कुलूप लटकवलं. शून्यापासून मोजायचं हे तिला मी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला तिने माझीच चूक केली, दुसऱ्या खेपेला स्वतःच थांबली, "बाबा, एक म्हटलं तेव्हा एक झालंच नव्हतं." पुन्हा मोजलं. उत्तर आलं ९४०.

"बरोबर किती असतं?" तिने विचारलं. सांगितलं नाही. फोन हातातून काढून घ्यावा लागला. मग तिने दोरा परत मोजला, बरोबर एक मीटर होता. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "पण हलतंय ते कुलूप," ती म्हणाली, "आणि मी मोजला फक्त दोरा. मग लांबी कुठपर्यंत धरायची? कुलूप सुरू होतं तिथपर्यंत, की संपतं तिथपर्यंत?"

भाजी करपायला आली म्हणून मी आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर तिने दोरा सोडला होता आणि कुलूप आडवं करून एका बोटावर तोलत बसली होती.